पूल चांगला आहे

“सोडा गाडी!” दीपमालानं वॉकीटॉकीत सांगितलं आणि खडीनं काठोकाठ भरलेला हायवा डंपर नव्या पुलावर चढला.

लॅपटॉपच्या पडद्यावरच्या रेषा थरथरू लागल्या. पुलाच्या गर्डरांना, म्हणजे आडव्या तुळयांना, जागोजागी सेन्सर चिकटवलेले होते आणि प्रत्येकाची एक रेषा होती. हायवा मध्यावर आला तशा त्या उसळल्या, पलीकडे उतरला तशा निवत गेल्या. दीपमाला डोळे बारीक करून बघत होती. एक तरी रेषा वेडीवाकडी जावी, एक तरी गर्डर नको तितका हलावा, असं तिला मनापासून वाटत होतं.

“परत घ्या,” ती म्हणाली. “आता मधोमध कचकन ब्रेक मारायचा.”

ड्रायव्हर कडूबानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “ताई, अजून किती डाव? पूल काय मोडत नाय, माझंच कंबरडं मोडंल!”

तरी त्यानं ब्रेक मारला. पूल हादरला, हादरा खांबांपर्यंत गेला आणि तिथं जिरला. गर्डर आणि खांबामधली रबरी बेअरिंगं, भूकंपात गर्डर खांबावरून घसरू नयेत म्हणून बसवलेले अडसर, सगळं जसं वागायला हवं तसंच वागलं. दीपमालानं लॅपटॉप जरा जोरातच मिटला.

करमाडहून पाचोडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा पूल. शेजारी नदीत जुन्या पुलाचे खांब अजून उभे होते. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या पुलाखाली तिचा नवरा कृष्णा मेला होता.

जुना पूल भूकंपात टिकावा म्हणून त्याची बेअरिंगं बदलायचं काम निघालं होतं. कृष्णा जॅकवरचा माणूस. गर्डर जॅकनं उचलून धरायचा, जुनं बेअरिंग काढायचं, नवं सरकवायचं. गर्डर जॅकवर आहे तोवर वरून वाहन सोडायचं नाही, हा साधा नियम. पण दोन्हीकडं गाड्यांच्या रांगा लागल्या, लोक शिव्या घालू लागले, आणि साइटवरचे इंजिनिअर मुकुंद साहेब म्हणाले, “एकेक करून जाऊ द्या हळूहळू.” उसाचा ट्रक गेला. पूल थरथरला, जॅक सरकला, गर्डर खाली आला.

चौकशीत साहेबांनी जबाब दिला की मयत कामगार दारू प्यायलेला होता, त्यानं जॅक नीट लावलाच नव्हता. पेपरात तेवढंच आलं. शवविच्छेदनात दारूचा मागमूस निघाला नव्हता, पण ते कोण वाचतो? कृष्णाच्या गावानं, पाचोडनं, पेपर वाचला.

कृष्णाच्या बापानं दारूपायी घर धुळीला मिळवलं होतं. बाप गेला त्या दिवशी कृष्णानं आईच्या, मनकर्णाबाईच्या, पायावर हात ठेवून आण घेतली होती. ती आण त्यानं पाळली. आणि आता बाजारातल्या बाया म्हणू लागल्या, शेवटी बापावरच गेला. शाळेत त्याच्या मुलीला, अपेक्षाला, पोरं ‘बेवड्याची’ म्हणू लागली, तेव्हा दीपमाला तिला घेऊन संभाजीनगरला आली. लग्नाआधी तिनं स्थापत्यची पदविका केली होती. वाळूजजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत काँक्रीट तपासायचं काम मिळालं. पुलांची कंपनं मोजायचा विभाग निघाला तेव्हा तिनं तो मागून घेतला. सगळ्यांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीनं घेतला असेल. तिनं कुणाचा गैरसमज दूर केला नाही. ती वाट बघत होती. कधीतरी मुकुंद साहेबांचा पूल आपल्या यंत्राखाली येईल. नव्या साइटवर गेली की ती आधी इंजिनिअरांच्या नावांची पाटी वाचायची. आतापर्यंत किती पूल मोजले, पण पाटीवर ते नाव नव्हतं. यंदा निघालं.

आणि पूल चांगला निघाला.

दुपारी पांढऱ्या गाडीतून मुकुंद साहेब आले. आता ते मोठे सल्लागार होते. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, बोलणं मात्र तसंच मऊ होतं.

“काय मॅडम, पास ना आमचा पूल? परवा मंत्री येतायत. मांडवसुद्धा पडलाय.”

“रीडिंग चांगली आहेत,” दीपमाला म्हणाली.

“वा! मग सही करून टाका.”

“मला ओळखलं नाही तुम्ही?”

त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं. “पुण्याच्या कॉन्फरन्सला भेटलो होतो का आपण?”

इतकी वर्षं ज्याला मनातल्या मनात उभं चिरलं, त्याच्या मनात आपण औषधालासुद्धा नाही.

“मी कृष्णाची बायको,” तिनं नदीतल्या खांबांकडं बोट केलं. “त्याच्याखाली गेला तो.”

मुकुंद साहेबांचा चेहरा आधी कोरा राहिला, मग उतरला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“फार वाईट झालं होतं ते,” ते म्हणाले. “मी तेव्हा नवा होतो हो. वरून दबाव होता. वाहतूक सोडली हे कबूल केलं असतं तर सगळेच अडकलो असतो.”

“म्हणून मेलेल्याला दारू पाजली?”

“आता ते उकरून काय मिळणार, ताई?”

“उद्या पाचोडचा बाजार आहे,” दीपमाला म्हणाली. “सकाळी माझ्या सासूच्या दारात या आणि त्यांच्या तोंडावर सांगा, कृष्णा प्यायलेला नव्हता. मग सही.”

“हे ब्लॅकमेल आहे! पूल चांगला आहे हे तुम्हीच म्हणालात.”

“पूल चांगलाच आहे. तुम्ही नाही.”

ते लालबुंद झाले. “मी तुमच्या संचालकांना फोन लावतो.”

“लावा. दुसरा माणूस येईल, सगळे सेन्सर नव्यानं लावील, सगळ्या गाड्या परत फिरवील. तोवर मंत्र्यांना मांडवात बसवा.”

त्यांनी फोन हातात धरला, पण लावला नाही. लावला असता तर कारण सांगावं लागलं असतं. गाडीचं दार आपटून ते निघून गेले.

सकाळी ते आले. मनकर्णाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. दीपमालानं तिला आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. म्हातारीनं ठेवणीतलं लुगडं काढून उशाला ठेवलं होतं. आज ती तेच नेसली होती.

मुकुंद साहेब अंगणात उभे राहिले. बसा कुणी म्हटलं नाही.

“आजी,” ते म्हणाले, “तुमचा मुलगा प्यायलेला नव्हता. चूक माझी होती. पुलावरून गाडी मी सोडायला लावली.”

दीपमाला त्यांच्या तोंडाकडं बघत होती. या वाक्यासाठी तिनं आयुष्य काढलं होतं. तिला वाटलं होतं, ऐकलं की छातीवरची शिळा सरकेल. पण ते वाक्य अंगणात आलं आणि तसंच पडून राहिलं.

मनकर्णाबाईनं शेंगांची टरफलं पदरातून झटकली.

“मला काय सांगतो?” ती म्हणाली. “मला ठाऊकच व्हतं. माझं लेकरू हाये ते. ज्यांला ठाऊक नाय त्यांला सांग.”

“म्हणजे?”

म्हातारी उठली, ओट्यावरून खाली उतरली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं. आयुष्यभर कापूस वेचलेला तो हात होता. साहेबांनी एकदा सोडवून बघितला आणि मग सोडवायचं सोडून दिलं.

बाजार ऐन भरात होता. पालाखाली मिरच्यांचे ढीग, शेव-चिवड्याच्या पराती, कर्ण्यावरून कुणीतरी चादरी विकत होता. इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाला एक म्हातारी हाताला धरून नेते आहे, हे बघून लोक वाट देऊ लागले. दीपमाला चार पावलं मागं चालत होती.

मनकर्णाबाई पहिल्यांदा कासारणीच्या पालापाशी थांबली. “गीताबाई, ह्यो साहेब काय म्हन्तो ते ऐक.”

साहेबांनी खालच्या आवाजात सांगितलं.

“मोठ्यानं,” मनकर्णाबाई म्हणाली. “तवा पेपरात सांगितलं व्हतं की मोठ्यानं.”

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. गीताबाईनं डोळ्याला पदर लावला. “अगं मना, आमी कवाच खरं मानलं नव्हतं ते.”

“तूच बोलली व्हतीस. बापावर गेला म्हनून. ह्याच जागी बसून.”

गीताबाई बांगड्यांचं तोरण उगाच सारखं करू लागली.

मग कांदेवाला, मग भांड्यांचं दुकान, मग चहाची टपरी. प्रत्येक ठिकाणी तेच. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. दीपमाला त्यांची मान बघत होती आणि तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, लई बरं वाटत होतं. आणखी थांबव, आत्याबाई, आणखी एका ठिकाणी थांबव, असं ती मनात म्हणत होती.

पण पुढं बाजार बदलत गेला. धान्यवाला म्हणाला, “हां का? बरं झालं, उलगडा झाला,” आणि गिऱ्हाईकाचं माप भरायला लागला. एका कपड्याच्या पालावर तरुण पोरगी बसली होती. तिनं सगळं ऐकून विचारलं, “कोन कृष्णा?”

“माझा,” मनकर्णाबाई म्हणाली.

“ते त्या पुलावर गेले ते?” शेजारचा माणूस म्हणाला. “लई जुनी गोष्ट झाली, आजी. माझं लग्नसुद्धा नव्हतं झालं.”

सगळ्यात जास्त बोलणारी द्वारकाबाई होती. तिनंच ही गोष्ट गावभर केली होती. तिच्या जागी आता तिची सून भाजी विकत होती. सासू दिवाळीच्या आधीच गेली, असं तिनं सांगितलं. सांगायचं होतं ते सांगायला समोर माणूसच नव्हतं. साहेबांनी आपणहून तोंड उघडलं, तर म्हातारीनं मान हलवली. “ऱ्हाऊ दे. हिचा काय दोष.”

वेशीपाशी त्यांची गाडी उभी होती. मनकर्णाबाईनं तिथं येऊन मनगट सोडलं. पांढऱ्या बाहीवर मातकट बोटं उमटली होती.

“झालं ना समाधान?” मुकुंद साहेब दीपमालाकडं वळून म्हणाले. आवाज चिरकला होता. “आता सही करा.”

“अहवाल काल संध्याकाळीच पाठवला,” दीपमाला म्हणाली. “सहीनिशी. पूल चांगला आहे, लोकांना वापरायला मिळायला हवा. तो मी अडवणार नव्हते.”

“मग मला... मला हे सगळं करायला का लावलंत?”

“तुम्ही एक फोन केला असता तर कळलं असतं. का केला नाहीत ते तुमचं तुम्ही बघा.”

आजूबाजूला जमलेल्या माणसांकडं त्यांनी बघितलं, मागच्या सीटवर बसले आणि ड्रायव्हरनं गाडी काढली. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत राहिलं, दोन्ही हातांत धरलेलं. दीपमालाला वाटलं होतं त्याहून ते लहान दिसत होतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. पुढच्या आठवड्यात ते तिच्या संचालकांकडं तक्रार करतील आणि तिला पुलांवरून काढून पुन्हा काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासायच्या टेबलावर बसवतील, याची तिला कल्पना होती. त्याचं काही वाटत नव्हतं. आता कुठल्याही पाटीवर तिला काही वाचायचं नव्हतं.

सासू-सुना टपरीच्या बाकड्यावर बसल्या. पोटात काही नव्हतं. दीपमालानं चहा सांगितला. चहा आला, वाफ निघाली, साय धरली, तरी म्हातारी कपाला हात लावीना.

“घ्या ना आत्याबाई. निवतोय.”

“धरता येईना गं,” मनकर्णाबाई म्हणाली.

दीपमालानं खाली बघितलं. म्हातारीचा उजवा हात मांडीवर होता, अजून मनगट धरल्यासारखा आवळलेला. बोटं पांढरी पडली होती आणि उघडत नव्हती. दीपमालानं तो आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं चोळत एकेक बोट हळूहळू सरळ करायला सुरुवात केली.