जहाज उठवायची वही

पोरांनो, डोळे मिटा आणि एक जहाज डोळ्यांसमोर आणा. आपल्या कामरगावच्या शाळेपेक्षाही लांब, आणि दोन वर्षांपासून बंदरात झोपलेलं. अशी काही मालवाहू जहाजं राखून ठेवलेली असतात. लढाई लागली, की सैन्याच्या गाड्या आणि दाणागोटा न्यायला ती चार-पाच दिवसांत उठवावी लागतात.

हे जहाज झोपवलं होतं पल्लवीच्या बाबांनी, इंद्रभान यांनी. समुद्राचं पाणी इंजिनाकडे नेणाऱ्या नळांची तोंडं त्यांनी झाकणं लावून बंद केली, आणि प्रत्येक झाकणाची जागा एका निळ्या वहीत लिहिली. आता लढाई लागली, आणि त्यांना फोन आला : परवापर्यंत हजर व्हा.

पल्लवी सहावीत. वही नसली की बाई वर्गात घेत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक. तिनं ती निळी वही तुरीच्या कोठीत खोल दडवली.

सकाळी बाबांनी पेटी, पिशव्या, गाद्या, सगळं उलथंपालथं केलं.

"आता कसे जाता?" पल्लवीनं विचारलं.

"तसाच जातो. आठवून आठवून खोलीन झाकणं."

"आठवून?" आई, रत्नमाला, म्हणाली. "बाजारातून मीठ आनाचं ध्यानात राह्यत नाही तुमच्या!"

बाबा हसले.

"बाबा, एखादं झाकण राहून गेलं तं?"

"इंजिनाले थंड पाणी भेटत नाही. भर समुद्रात बंद पडते. अन् लढाईत उभं राह्यलेलं जहाज..." त्यांनी पिशवीची दोरी आवळली. "बावीस जण राह्यतो आमी त्याच्यावर."

"मंग जाऊच नका ना."

"मी नाही गेलो तरी बाकीचे जातीनच, पोरी. त्यायले तं एकबी झाकण माहीत नाही."

पिशवी खांद्याला लावून ते न्यायला आलेल्या जीपकडे निघाले. आई त्यांच्यामागे गेली.

पल्लवी कोठीपाशी उभी राहिली. वही दिली, तर जहाज नीट चालेल आणि बाबांना लढाईत घेऊन जाईल. नाही दिली, तरी बाबा जाणारच होते.

तिनं तुरीत खांद्यापर्यंत हात घातला.

जीप सुरू झाली होती. पल्लवीनं धावत जाऊन खिडकीतून वही आत दिली. पानांतून तुरीचे दाणे बाबांच्या मांडीवर सांडले. त्यांनी दाण्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जीप वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा पल्लवी घरी आली आणि तिनं कोठीचं उघडं राहिलेलं झाकण लावलं.