मातीत न फुटलेला गोळा

पेरूच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्याच्या प्रार्थनामंदिरात मुंगीला शिरायला वाव नव्हता. वेदीवर, मेणबत्त्यांच्या वर्तुळात, गुडघ्याएवढा तोफगोळा उभा होता. चिलीच्या आरमाराने काल डागलेला हा गोळा मातीच्या दोन भिंती भेदून गावाचा भगत, ताइता सेरापियो, याच्या पायांशी येऊन पडला होता, आणि फुटला नव्हता. तेव्हापासून ताइता त्या गोळ्याला तांबड्या फिती स्पर्शवून त्या भक्तांना बांधत होता.

"हा देवमातेचा पदर आहे," तो घुमत म्हणे. "याच्यापुढे अग्नीची शेळी होते. वाळूच्या गोण्या कशाला रचता? ती संशयाची पोती."

दाराशी उभ्या असलेल्या शिक्षिका एदुविहेसच्या झग्यावर तिच्या नवऱ्याचे, एवारिस्तोचे, रक्त अजून ओले होते. खडकावर फुटलेल्या पेरूच्या युद्धनौकेवरील दोन अजस्र तोफा लोखंडी ढालींसह, बैल जुंपून टेकडीवर चढवल्या होत्या. तिचा धाकटा भाऊ कासिमिरो आणि एवारिस्तो तेथील गोलंदाज. ताइताच्या शब्दाखातर त्यांनी ढालीपुढची वाळूची पोती हटवली. सकाळी पहिलाच गोळा ढालीवर आदळून फुटला. एवारिस्तोचे धड तोफेवर राहिले, मस्तक उतारावरच्या निवडुंगात सापडले. मनगटावरची फीत मात्र शाबूत होती.

एवारिस्तोच्या मनात किंतु आला म्हणून तो मेला, असा निर्वाळा ताइताने दिला. कासिमिरो दुसरी फीत बांधून घेऊन उभा होता, आणि शत्रूच्या नौका क्षितिजावर पुन्हा दिसू लागल्या होत्या.

एदुविहेसने पुढे होऊन मेणबत्त्या विझवल्या. बाईंना शोक चढला, असे बायका कुजबुजल्या.

"कासिमिरो, तुम्ही जहाजांवर डागता तो गोळा असाच ना? तो पेटवणारी कळ कुठे असते?"

"कळ नसते, ताई. चिलखतावर आदळला की धक्क्यानेच आतली दारू..." तो थांबला.

"आणि मातीच्या भिंतीवर आदळला तर?"

"तेवढा धक्का बसत नाही. आरपार जातो, नाहीतर रुतून बसतो." तो मनगटाकडे पाहत राहिला.

"म्हणजे गावाला मातीने राखलं, आणि एवारिस्तोला लोखंडाने मारलं. पुढे वाळू असती तर तो आज जेवायला घरी आला असता."

ताइता गरजला की ही पाखंडी आहे, मातेने गोळ्यातल्या दारूचे पाणी केले आहे. कासिमिरोने गोळा आडवा करून त्याच्या बुडाचे मळसूत्री बूच फिरवून काढले, चिमूटभर काळी पूड अंगणातल्या दगडावर नेऊन ठेवली आणि काडी लावली. भडका उडाला. दाढी सांभाळत कुंपणापलीकडे सर्वांआधी पोहोचला तो ताइताच.

"ताइता, फिती राहिल्या की इथंच," एक कोळीण म्हणाली.

पक्षीखताची रिकामी पोती वाळूने भरून ढालींपुढे रचली गेली. पहिल्या पोत्याचे तोंड कासिमिरोने आपल्या तांबड्या फितीने आवळले. सायंकाळी तोफा गर्जल्या. शत्रूचे गोळे वाळूत रुतत राहिले. एका गोलंदाजाची बोटे तुटली, पण मस्तक कोणाचेही गेले नाही.

मातेवर श्रद्धा अवश्य असावी. परंतु तिने दिलेली बुद्धी वेदीवर वाहून रणात उतरणे, हा तिचाच अवमान होय. चमत्काराला नमस्कार करण्यापूर्वी, तो घडला कसा, एवढे तरी विचारावे.