कडक इस्त्री

माझ्या भावाने घरातल्या सगळ्यांची चित्रं काढली, माझं तेवढं काढलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणी विचारायला नको की बाईला झालं काय.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. बाबांनी सुरू केली, बाबा गेल्यावर माझ्या गळ्यात पडली, आणि सत्तावीस वर्षं झाली, अजून गळ्यातच आहे. डाग बघून मी सांगते, चहाचा की कॉफीचा, शाईचा की औषधाचा, कालचा की आठवड्यापूर्वीचा. गिऱ्हाइकांची नावं मी विसरते, त्यांच्या कॉलरी विसरत नाही. आणि माझा भाऊ, ज्याला घरीदारी सगळे धाकटाच म्हणायचे, तो नेमका डागांनीच चित्रं काढायचा. एकाच आईच्या पोटची दोघं, पण तऱ्हा बघा.

शाळेत चित्रकला शिकवायचा तो. तिथे मुलांना नीट रंगपेटीतले रंग वापरायला सांगायचा, आणि घरी आला की रंगपेटी उघडायचा नाही. म्हणायचा, "ताई, प्रत्येक माणसाचा रंग वेगळ्याच डब्यात असतो. तो शोधावा लागतो." शोधायचा कुठे, तर माझ्या दुकानात. सोडा गायब, नीळ गायब, खळीचं पातेलं खरवडून नेलेलं. मी बोंब मारली की जिन्यावरून हसत पळायचा, अडतीस वर्षांचा घोडा.

बाबांचं चित्र त्याने बॉयलरच्या काजळीने काढलं. बाबा आयुष्यभर त्या बॉयलरपाशी उभे. याने एका रविवारी धुराच्या नळीतून मूठभर काजळी काढली, जिना, कठडा, नळ, सगळं बरबटवलं, आणि नुसत्या बोटांनी कागदावर बाबा उठवले. मी फडकं घेऊन त्याच्या मागे मागे शिव्या देत फिरत होते. चित्र बघितलं आणि फडकं हातातच राहिलं. आई चित्रासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "दाढी करायची राहिलीय यांची." आणि चष्मा काढून आत गेली.

आईचं चित्र काळ्या सुती कापडावर, माझ्याच ब्लीचने. काडी बुडवून ओढत होता तेव्हा काहीच दिसत नव्हतं, नुसतं ओलं. मी म्हटलं, हे काय, पाण्याने चित्र काढतोस होय. "थांब गं जरा," म्हणाला. पाच-सात मिनिटांनी एकेक रेघ उजळायला लागली, कपाळ, डोळ्यांखालच्या पिशव्या, हनुवटीवरचा तीळ. आई म्हणाली, "अगं बाई, एवढ्या सुरकुत्या आहेत का रे मला?" हा म्हणतो, "मी नाही काढल्या, आपापल्या आल्या."

आमच्या काकांचं तर विचारूच नका. न्हाणीघरातल्या आरशावर साबणाने काढलं. एरवी आरसा कोरा. गरम पाण्याची वाफ झाली की सगळा आरसा धुरकटतो आणि मधोमध काका, मिशीसकट. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा टॉवेल गुंडाळून किंचाळत बाहेर आले. "काका हयातभर असेच ना ताई," धाकटा म्हणाला, "कधीतरी पाच मिनिटं दिसायचे आणि गायब." आई हसून हसून बेजार झाली.

तर अशी सगळी झाली. आईच्या हट्टापायी समोरच्या खोलीतल्या भिंतीवर बाबा टांगले, आई टांगली. शेजारी धाकट्याने तिसरा खिळा ठोकून ठेवला. तो रिकामाच. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी रोज जेवताना तो खिळा बघायचे. मागितलं नाही कधी, माझा स्वभावच तसा मेला. पण माणसाला वाटतंच ना. लहानपणी याचं नाक मी पुसलं, याचे गणवेश मी धुतले, परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट मी हातात दिला, आणि भिंतीवर जागा मलाच नाही.

एकदा ताट सरकवून बोलून गेलेच. "मी काय या घरात भाड्याने राहते का रे?"

त्याला लगेच कळलं कशाबद्दल. "ताई, तू एका जागी बसतेस कुठे? आणि तुझा रंग सापडत नाही गं. तू सगळं धुऊन टाकतेस."

"मस्का नको मारू," मी म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. मुद्दाम आपटून घासली.

त्याच वर्षी तो वाळायला लागला. आधी आम्हाला वाटलं जागरणं करतो. मग जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागला. तपासण्या झाल्या, रक्ताचा आजार निघाला, डॉक्टर म्हणाले दाखल करा, उशीर नको. आईसमोर मी म्हटलं, "पंधरा दिवसांत येईल परत, काही होत नाही."

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी भर सकाळी तो दुकानात आला. मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका हॉटेलचे टेबलक्लॉथ आले होते, ढीगभर, एक मशीन बंद पडलेलं. याच्या हातात हातभर लांबीरुंदीचं पांढरं सुती कापड.

"ताई, यावर इस्त्री फिरव. कडक. तूच फिरव, आणि आत्ता, माझ्यासमोर."

"रांगेत ठेव," मी म्हटलं. मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

तो स्टुलावर बसला. अर्धा तास बसला होता, गुडघ्यावर कापड घेऊन. मध्ये एकदा म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे गं." मी म्हटलं, "तुझी दोन मिनिटं मला माहीत आहेत." मग वरून आईने हाक मारली, पिशवी भरायची म्हणून. तो उठला तर चेहरा पांढराफटक. कापड इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. "बरं, उद्या घेऊन ये तिकडे. पण इस्त्री तूच कर हं. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

दुपारी उसंत मिळाली तेव्हा मी ते हातात घेतलं. बोटांना चिकट लागलं. मध्येमध्ये कडक झालेलं. नाकाशी नेलं, लिंबाचा वास. आता आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, न धुतलेल्या कपड्याला इस्त्री लावायची नाही. लिंबू, साखर, फळांचा रस, वाळल्यावर यातलं काही दिसत नाही, पण वर गरम इस्त्री गेली की डाग भाजून तपकिरी होतो आणि मग जन्मात निघत नाही. बाबांनी मला सगळ्यात आधी हेच शिकवलं. मी मनात म्हटलं, या गाढवाने सरबत सांडलंय आणि निघालाय इस्त्री करायला.

गरम पाणी घेतलं, सोडा घातला, चांगलं चोळलं. दोन पाण्यांतून काढलं. दवाखान्यात न्यायचं म्हणून जरा नीळही दिली. वाळल्यावर अशी इस्त्री केली की घडीवर बोट कापेल. पदोपदी त्याच्यावर चिडत असते मी, पण त्या दिवशी ते कापड मी मनापासून धुतलं. वाटलं, एवढं तरी आपल्याला करता येतं.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात शिरले तर हा उशीवरून अर्धा उठून बसला. डोळे लहान पोरासारखे. "केलीस? काय दिसलं?"

"काय दिसायचंय? लख्ख झालंय."

त्याने घडी उलगडली. पूर्ण उलगडली, उजेडाकडे धरली, उलटी करून बघितली. मग अगदी हळू विचारलं, "धुतलंस?"

"मग? न धुतलेल्याला इस्त्री लावते का मी? विसरलास काय, कुणाचा मुलगा तू?"

त्याने कापड गुडघ्यावर ठेवलं. मग हसायला लागला. एवढा हसला की सलाईनचा स्टँड हलायला लागला आणि नर्स धावत आली. मीही हसले, कशाला ते न कळता. डोळे पुसत म्हणाला, "माझंच चुकलं. कुणाकडे दिलं मी तरी!"

"काय होतं त्यावर?"

"काही नाही गं. सरबत सांडलं होतं." त्याने ते कापड उशीवर पसरलं, हाताने सारखं केलं आणि त्यावर गाल टेकला. "असू दे इथे. तुझ्या हातचं आहे."

पुढचे पाच आठवडे ते कापड त्याच्या उशीवरच होतं. रोज दुपारी मी संत्र्याचा रस घेऊन जायचे. आधी पेल्याने प्यायचा, मग चमच्याने, मग चमच्यातलाही अर्धा ओठांच्या कडेने गालावरून उशीवर. मी कापड बदलायला गेले की हात धरायचा. त्या हातात काही जोर नव्हता, पण मला सोडवून घेता यायचा नाही. "राहू दे ताई. एक तरी वस्तू मळकी राहू दे आपल्या घरातली." मी राहू दिली. जन्मात पहिल्यांदा.

तो एका दुपारी गेला. मी दुकानात होते, चादरींच्या घड्या घालत होते. एवढंच मला सांगता येतं त्या दिवसाबद्दल.

दवाखान्याने एक पिशवी दिली. चपला, चष्मा, आणि ते कापड. पिशवी मी इस्त्रीच्या टेबलाखाली सरकवून ठेवली. उघडायचा धीर होईना.

महिन्याने त्याची खोली आवरायला घेतली. आई म्हणाली होती राहू दे, पण मला धूळ बघवत नाही. पलंगाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात पांढरे हातरुमाल, माझ्याच दुकानातले, ज्यांचे धनी कधी परत आले नाहीत ते. एकेक उघडला. प्रत्येकावर तपकिरी रेघा, भाजल्यासारख्या. एकावर कान, कानामागे पेन्सिल खोचलेली. एकावर पिळे घालणारे दोन हात, उजव्या अंगठ्यावर भाजल्याची खूण. एकावर मागून दिसणारा अंबाडा, त्याच्यातून सुटलेली बट. एक रुमाल जास्त भाजून काळा पडलेला. कान माझा होता. अंगठा माझा होता. या पोराने मी एका जागी बसत नाही म्हणून मला तुकड्या-तुकड्यांत चोरलं होतं.

तळाशी एक कागद होता, शाळेच्या वहीतला. त्याचं अक्षर. "लिंबाचा रस आणि साखर. वाळलं की काही दिसत नाही. इस्त्री फिरली की उमटतं. ताईचं चित्र ताईनेच पुरं करायचं. तिच्या हाताखालून तिचा चेहरा वर येईल, तेव्हा तिचं तोंड बघायचंय मला."

मी खाली बसले. फरशीवरच बसले आणि रडले, तोंडात रुमाल कोंबून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. मला कळायला नको होतं? आरशातले काका मी रोज बघत होते. आईच्या सुरकुत्या माझ्या डोळ्यांदेखत काळ्यातून वर आल्या होत्या. अर्धा तास तो समोर बसला होता, गुडघ्यावर माझा चेहरा घेऊन, आणि मी त्याला रांगेत बसवलं. मग माझ्या हाताने सोड्यात घालून चोळलं, दोन पाण्यांतून काढलं, वर नीळ दिली. आणि तो मेला हसला. एका शब्दाने बोलला नाही. ओरडायचं होतंस रे माझ्यावर. मी तुझ्यावर आयुष्यभर ओरडले, तू एकदा ओरडला असतास तर काय बिघडलं असतं?

खाली दुकानात गेले. टेबलाखालून पिशवी काढली. कापड उलगडलं. बघणाऱ्याला ते मळकं पांढरं दिसलं असतं, बाकी काही नाही. मध्ये चुरगळलेलं, एका बाजूला चिकट होऊन वाळलेलं. हात आपोआप टबाकडे वळला. सत्तावीस वर्षांची सवय, काय करणार. मी तो हात दुसऱ्या हाताने धरला.

मग इस्त्री लावली. पार शेवटच्या खुणेपर्यंत, कडक. आणि न धुतलेल्या कापडावर फिरवली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि बाबा असतानाही कधी नाही. जळकट गोडसर वास आला. मधोमध एक डाग उमटायला लागला, फिकट, मग गडद. गाल टेकतो तेवढी जागा. तिच्या कडेने रस ओघळलेल्या चार-पाच रेघा, खालपर्यंत. चेहरा वगैरे काही नव्हता. नाक नाही, डोळे नाहीत. मी कुठल्याही गिऱ्हाइकाचं असं कापड बघितलं असतं तर सांगितलं असतं, संत्र्याचा रस, महिन्याभरापूर्वीचा, आता निघायचा नाही.

मी ते वर नेलं आणि तिसऱ्या खिळ्यावर लावलं.

आई आतून आली. तिला आता लांबचं फारसं दिसत नाही. भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली, बोटांनी चाचपलं. "काढलं होय गं त्याने तुझं? मला बोलला होता, ताईला सांगू नको म्हणून."

"माझं नाही आई," मी म्हटलं. "हा धाकटा आहे. मी काढलाय."

ती पुन्हा वळली. त्या डागावर तिने पूर्ण तळहात ठेवला. हात न काढताच म्हणाली, "मग धुऊ नकोस हो हे."