फुली मारण्याआधी

मित्रांनो, मी कर्नाटकातल्या आळंदच्या एका घरातला कॉम्प्युटर आहे. ‘जुना’ हे विशेषण मला लोकांनी नेट जायला लागल्यावर लावलं. त्याआधी मी नुसता कॉम्प्युटर होतो, आणि त्याच्याही आधी, कलबुर्गीच्या दुकानातून सिमेंटच्या पोत्यांशेजारी टेम्पोत बसून आलो तेव्हा, नवा कॉम्प्युटर होतो. त्या दिवशी मला कुंकू लावलं, माझ्यापुढं नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डावर उडालं आणि तेव्हापासून एक अक्षर अडकतं. कौतुकाची तेवढी खूण माझ्या अंगावर अजून आहे.

घर श्रीनिवासरावांचं. ते एका सरकारी कचेरीत होते. आलेला कागद वाचत बसलं की काम तुंबतं, या तत्त्वावर त्यांनी सगळी नोकरी केली आणि एकही कागद तुंबू दिला नाही. निवृत्तीनंतर ते माझ्यावर भजनं ऐकू लागले. मी पडद्यावर काही लिहिलं की ते “आलं काहीतरी” म्हणत आणि कोपऱ्यातली फुली दाबत. माझं लिहिणं आणि त्यांचं दाबणं, असा आमचा अनेक वर्षांचा पत्रव्यवहार आहे.

त्यांच्या पत्नी नलिनीबाई. त्या पूजा आणि स्वयंपाक सोवळ्यात करतात. सोवळं म्हणजे धुऊन, कुणाचाही हात न लागता वाळलेलं वस्त्र. त्या रोज आंघोळीनंतर दुसऱ्या दिवसाचं नऊवारी पातळ पिळतात आणि काठीनं उंचावर वाळत टाकतात. वाळताना कुणी शिवलं की ते बाद. पूर्वी त्यासाठी पडवीत एक बांबूची दांडी टांगलेली होती. ती वाळवीनं खाल्ली आणि एक दिवस मोडून पडली. घरात कुणी तिची फारशी दखल घेतली नाही. मीही नाही. ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून माझी पाठ खिडकीकडे केलेली आहे, त्यामुळं अंगणातलं मला काही कळत नाही.

नेट जायला लागलं ते त्याच सुमारास.

सकाळी पूजेच्या वेळी जायचं, दुपारी आपोआप यायचं. पुण्याहून मुलगा श्रीहरी फोनवर एकच औषध सांगे, “बंद करून चालू करा, बाबा.” मला इतक्या वेळा बंद करून चालू केलं की कधी कधी आपण नक्की काय करत होतो तेच मला आठवेना. शेवटी लाइनवाला सिद्धराम आला. तो दुपारचा आला.

“चालायलंय की हो, सर!”

“आत्ता चालायलंय. सकाळी न्हवतं,” श्रीनिवासराव म्हणाले.

“हौद्री, बरोबर हाय. पण मी आल्यावर तर चालायलंय.”

“मग तू इथंच ऱ्हा,” त्यांची मुलगी पूर्णिमा म्हणाली.

“जेवण असंल तर ऱ्हातो की, अक्का.”

जेवला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि निदान केलं, “लाइन झकास हाय. मशीन म्हातारं झालंय.”

त्या दिवसापासून मी जुना.

घरातल्या लोकांनी अभ्यास केला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. त्यांचे दोन निष्कर्ष निघाले. एक, आभाळ आलं की नेट संध्याकाळपर्यंत येत नाही. दोन, नलिनीबाई पौर्णिमेला पहाटेच्या गाडीनं गाणगापूरला जातात त्या दिवशी नेट दिवसभर जात नाही. “दत्त महाराजांची कृपा. दुसरं काय!” श्रीनिवासराव म्हणाले. सिद्धरामनंही मान डोलावली; तारांबद्दल बोलताना एवढी खात्री त्याच्या आवाजात कधी नसे. मित्रांनो, ही दोन्ही निरीक्षणं अचूक होती, हे मी मुद्दाम सांगतो.

आता पूर्णिमेचं सांगतो, कारण माझ्यापेक्षा तिचं जास्त अडलं होतं. ती हैदराबादला गणित शिकवायची. हॉस्टेलातलं सांबार आणि खोलीतल्या खिडकीसमोरची दुसरी खिडकी यांना विटून ती परत आली होती. बेंगळुरूच्या एका कंपनीला शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे धडे मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिणारं माणूस हवं होतं. काम घरी बसून. आमच्या भागात दोन्ही भाषा न शिकवता येतात, त्यामुळं ती नोकरी जणू तिच्याच मापानं बेतलेली होती. अट एकच, घरचं नेट भरवशाचं पाहिजे. मुलाखत गुरुवारी अकराला, माझ्यासमोर बसून. मोबाइलची रेंज आमच्याकडं गच्चीवर टाकीला टेकून उभं राहिल्यावरच येते. तशी मुलाखत देता येत नाही.

“जमलं तर इथं. न्हाई जमलं तर सोमवारी हैदराबाद,” तिनं सांगून टाकलं.

“आन हा डबा भंगारात,” श्रीनिवासराव म्हणाले. डबा म्हणजे मी.

मग त्यांनी बायकोला सुचवलं, “तू असं कर, गुरुवारी गाणगापूरला जाऊन ये.”

“पोरीची परीक्षा आन मी गावाला जाऊ? काय बोलायलाव!” नलिनीबाई म्हणाल्या. “घरीच अभिषेक करते. तिकडं ती बसली की इकडं मी बसते.”

गुरुवारी सगळं वेळेवर सुरू झालं. पडद्यावर बेंगळुरूच्या एक बाई आल्या. थोडं कन्नडमध्ये बोलल्या, थोडं मराठीत. मग म्हणाल्या, “लहान मुलाला अपूर्णांक कसा समजावाल?”

“समजा, एक भाकरी हाय आणि चौघं जेवायला बसलेत,” पूर्णिमेनं सुरुवात केली.

आणि बाई थांबल्या. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं.

दाराआडून श्रीनिवासराव आले. “कामून थांबल्या ह्या बाई?”

“नेट गेलं, बाबा.”

“बंद करून चालू—”

“हात लावू नका!”

मी माझं काम केलं. नेहमीचं तेच इंग्रजी वाक्य पडद्यावर लिहिलं. श्रीनिवासरावांचं बोट सवयीनं फुलीकडं निघालं. पूर्णिमेनं ते बोट धरलं.

“थांबा. काय लिहिलंय ते बघू तरी.” तिनं वाचलं. “घरात येणारी तार तपासा म्हणायलंय. हे रोज लिहायचं व्हय?”

“असंल,” श्रीनिवासराव म्हणाले. “मी कुठं वाचतो.”

नेटची डबी कपाटावर होती. धूळ बसू नये म्हणून नलिनीबाईंनी तिच्यावर विणलेला रुमाल घातला होता. पूर्णिमेनं रुमाल उचलला. खाली लाल दिवा लागलेला. किती महिने तो त्या नक्षीखाली लाल होत होता कोण जाणे. डबीतून निघालेल्या तारेवर नजर ठेवत ती भिंतीनं सरकत खिडकीशी आली आणि तिनं बाहेर बघितलं.

अंगणात खांबापासून खिडकीपर्यंत आमची काळी तार येते. उंच, ताणलेली, कुणाचा हात न पोचणारी. तिच्यावर नुकतंच वाळत टाकलेलं ओलं नऊवारी पातळ निथळत होतं. तार मधून झोळीसारखी खाली आली होती आणि खिडकीच्या गजावर काटकोनात मुडपली होती. मित्रांनो, त्या तारेत काचेचा बारीक धागा असतो आणि त्यातून उजेड येतो. धागा असा मुडपला की उजेड अडतो. पातळ वाळून हलकं झालं की तार वर येते. पावसाळी दिवसात ते उशिरा वाळतं. गाणगापूरला गेल्यावर ते धुतलंच जात नाही.

“आई! तुझं सोवळं नेटच्या तारंवर हाय!”

“मग कुठं घालू?” देवघरातून आवाज आला. “दांडी मोडलीय. तिथं कुणी शिवत न्हाई.”

“त्याच्यानंच नेट जायलंय!”

आत अभिषेकाची धार चालूच होती.

“मला उठता येत न्हाई. धार तोडायची नसते.”

“काठीनं काढू का?” श्रीनिवासरावांनी विचारलं.

“काठीबी सोवळ्याचीच हाय.”  मग नलिनीबाई म्हणाल्या, “पूर्णिमे, शिव. काढ ओढून. देवाला मी सांगते.”

तिच्या सबंध आयुष्यात आईनं सोवळ्याला शिव म्हणण्याची ती पहिलीच वेळ. पूर्णिमा अंगणात जाऊन स्टुलावर चढली, दोन्ही हातांनी पातळ ओढलं आणि खांद्यावर टाकून तशीच धावत येऊन माझ्यासमोर बसली. तार वर गेली. बाईंनी डोळे उघडले, तोंड मिटलं.

“हं, भाकरी,” त्या म्हणाल्या.

“चौघांत एक,” पूर्णिमा म्हणाली. खांद्यावरून पाणी गळत होतं. पण तिच्या आवाजावरून ते कळत नव्हतं.

ती हैदराबादला गेली नाही. मी भंगारात गेलो नाही. देवानं हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. नवी दांडी सिद्धराम स्वतः घेऊन आला आणि दुपारचा जेवूनच गेला. श्रीनिवासराव येणाऱ्याजाणाऱ्याला अजून दत्तकृपाच सांगतात, आणि नलिनीबाई त्यांना थांबवत नाहीत.

माझी तुमच्याकडं एकच विनंती आहे. आम्हाला झाकू नका, ठोकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच म्हणतो की आम्ही कधीतरी काही लिहितो, ते फुली मारण्याआधी वाचा. घरातली माणसंही कधीतरी तसंच काही सांगत असतात.

काल मी पडद्यावर लिहिलं की माझ्यात जागा उरलेली नाही, काहीतरी कमी करा. श्रीनिवासरावांनी चष्मा लावला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचलं. “खरं हाय,” म्हणाले.

आणि फुली दाबली.