खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना तपकिरी स्वेटर आहे, आणि तोही मुंबईतला. हसा खुशाल. वाकोल्याच्या चाळीत रत्नप्रभा मला विणत होती, तेव्हा शेजारणीही तिला हसल्या होत्या. पण तिचे यजमान सहदेव अंधेरीच्या एका ऑफिसात डिस्पॅचला होते आणि तिथला एसी नेमका त्यांच्या डोक्यावर होता. माझी एक बाही जरा आखूड झाली. ती उसवायचा रत्नप्रभाने कंटाळा केला, पण मी ते मनाला लावून घेतलं नाही.

अकरा वर्षं मी त्या ऑफिसात इमाने इतबारे नोकरी केली. घरी जायचो ते वर्षातून एकदा, मे महिन्यात, धुवायला. एरवी सहदेवांच्या अंगात, नाहीतर त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर. खुर्चीवर स्वेटर दिसला म्हणजे माणूस चहाला गेलाय, येईलच, असं साहेबांनीही समजायचं. कित्येकदा सहदेव तासभर गायब असत आणि मी एकटा त्यांची हजेरी लावत असे.

डिसेंबरात ऑफिसात गरजूंसाठी कपडे गोळा होत आणि डिस्पॅच विरुद्ध अकाउंट्स अशी शर्यत लागे. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना आठवडाभर चहा नेऊन द्यायचा. मोजायला अकाउंट्सच्या वसुधा मॅडम बसत. मोज्यांची जोडी एक नग की दोन, या वादात एकदा अख्खी जेवणाची सुट्टी गेली. डिस्पॅच सहा वर्षं ओळीने हरलं. एकदा तरी वसुधा मॅडमच्या हातचा चहा प्यायचाय, असं सहदेव दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी स्वतःच ट्रे उचलत.

मागच्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ते मला खुर्चीवर टाकून घरी गेले. त्याच रात्री त्यांचं हृदय बंद पडलं. ऑफिसात मला कुणी हात लावला नाही. झाडणारी बाईसुद्धा मला न हलवता खुर्ची पुसायची. आठ महिने मी त्यांची वाट पाहिली. दुसरं काम मला येतही नव्हतं.

डिसेंबर आला. या वेळी मोजणी झाली तेव्हा दोन्हीकडे तीनशे बारा नग भरले. सहदेवांनी ज्याला हाताला धरून काम शिकवलं, तो नितेश उठला. त्याने मला खुर्चीवरून उचललं आणि ढिगावर ठेवलं.

"सहदेवकाकांचा एक नग धरा, मॅडम."

वसुधा मॅडमनी डोळे पुसत तीनशे तेरा लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं, होती ती मायाच. पण रत्नप्रभाला विचारायचं कुणालाच सुचलं नाही, आणि मी गोणीत गेलो.

सोमवारी रत्नप्रभा मला न्यायला ऑफिसात आली. इतके महिने तिला तो जिना चढवला नव्हता. तेराव्यानंतर रीतीप्रमाणे तिने सहदेवांचे सगळे कपडे वाटून टाकले होते, ऑफिसात एक आहे एवढ्या भरवशावर. "धुवायचा राहिलेला तेवढाच आहे रे," ती नितेशला म्हणाली. "त्याला ह्यांचा वास असेल."

नितेशने फोन लावले, कुणी उचलेना. मग तो बाइकवरून थेट मुलुंडला, गोण्या नेणाऱ्या संस्थेच्या गोदामात आला आणि कपडे निवडणाऱ्या मालनताईंना त्याने हे सगळं सांगितलं. त्यामुळे ते मलाही कळलं. मी तिथेच दोरीवर निथळत होतो. आलेला प्रत्येक कपडा आधी गरम पाण्यातून आणि साबणातून काढायचा, अशी तिथली पद्धत आहे. मालनताई म्हणाल्या, सकाळीच धुतला. नितेश तिथेच गोण्यांवर बसला आणि रडला.

संध्याकाळी त्याने मला वाकोल्याला नेलं. रत्नप्रभाने मला दोन्ही हातांत घेतलं आणि माझ्यात तोंड खुपसलं. नितेश खाली बघत उभा होता. मी माझा धागा न् धागा चाचपला. सहदेवांचं खोबरेल तेल, त्यांचा घाम, पार्सलच्या चिकटपट्टीचा वास, काही म्हणजे काही उरलं नव्हतं. मला साबणाचा वास येत होता.

"येतोय रे वास," ती म्हणाली. "जरासा येतोय. बस, चाय टाकते."

नितेश चहा प्यायला. जाताना त्याचा चेहरा जरा हलका झाला होता. रत्नप्रभाने दार लावलं, मला छातीशी धरलं आणि मग ती इतकी रडली की मी पुन्हा ओला झालो.

मित्रांनो, देत जा, शर्यतीही लावा. पण जे तुमचं नाही ते देण्याआधी, ते कुणाला हवं आहे का, एवढं विचारत जा. ऑफिसातून वाकोल्याला एक फोन केला असता, तरी पुरला असता.