प्रॉफेट हबक्कूकची पवित्र पेनं

नाम्पेयाच्या बाजारात त्या दिवशी सुक्या मासळीला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. सगळं गाव आंब्याखाली लोटलं होतं. मध्यभागी पांढरा सूट, जांभळा टाय आणि काळा चष्मा अशा थाटात प्रॉफेट हबक्कूक उभा राहून गळा फाडत होता.

"कोणाचं लेकरू नापास होतंय? लाजू नका. नापास होणं हा आजार आहे. गणितात सैतान बसतो आणि इंग्रजीत त्याची बायको बसते. आज दोघांना एकाच गाडीने परत पाठवू."

लामेकमामा पुढे सरसावला. आमच्याकडे पोराबाळांचे निर्णय आईचा भाऊ घेतो. बापाने फक्त मान डोलवायची. मामाची भाची आलिनाफे आठवीत होती आणि पुढच्या आठवड्यात तिची सरकारी परीक्षा होती. प्रॉफेटने मामाच्या हातात एक काळं पेन दिलं. "जी भीती वाटते ती लिही, भावा." मामाने जीभ बाहेर काढून, घाम गाळून लिहिलं, 'आलिनाफे गणितात नापास.'

प्रॉफेटच्या मागे, आंब्याच्या खोडाआड, त्याची शिष्या शुभ्र कापडं घडी घालत उभी होती. त्यातलं एक घेऊन त्याने कागद त्यात गुंडाळला, छातीशी दाबला आणि जी भाषा समजायला देवालाही दुभाषी लागेल अशा भाषेत बराच वेळ बडबडला. मग कापड उलगडलं. कागद कोरा होता.

बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या मारल्या. पाद्रीबाईंना भोवळ आली, पण पडण्याआधी त्यांनी चटई कुठे आहे ते नीट पाहून घेतलं.

"या पेनाने लिहिलेलं खोटं टिकत नाही," प्रॉफेट गरजला. "परीक्षेत चुकीचं उत्तर आपोआप नाहीसं होईल, बरोबर तेवढं उरेल. एका कोंबडीला एक पेन."

संध्याकाळपर्यंत प्रॉफेटची काळी गाडी खुराड्यासारखी कलकलायला लागली.

मी इथला बिनपगारी मास्तर. एवढ्या शाळेला सरकारने एकच शिक्षक दिला, म्हणून झोंबा शहरातून मदतीला आलो आणि इथलाच होऊन राहिलो. मोबदल्यात मक्याचं पीठ मिळतं आणि न मागता सल्ले मिळतात. आलिनाफेला मी शिकवलं होतं. तिला पेनाची नाही, फक्त झोपेची गरज होती.

"मामा, पोरीला गणित येतं," मी म्हणालो. "कोंबडी कशाला घालवलीस?"

"मास्तर, तू फुकट शिकवतोस. फुकटच्या मालाचा काय भरवसा? त्याने कोंबडी घेतली, म्हणजे त्याच्याकडे काहीतरी असणार."

"आणि नसलं तर?"

मामाचा चेहरा उतरला. "तिला एकच संधी आहे. नंबर लागला तर बोर्डिंगला जाईल. नाही लागला तर माझ्याबरोबर तंबाखूच्या मळ्यावर पानं बांधायला येईल, कारण आणखी एक वर्ष पोसायची माझी ऐपत नाही. मग एका कोंबडीसाठी कशाला धोका पत्करू?"

मला त्याचा भयंकर राग आला, कारण तो माणूस पोरीवर जीव टाकणारा होता. आलिनाफेलाही त्याने बजावलं होतं की दुसऱ्या पेनाने लिहिलंस तर घरी येऊ नकोस.

दोन दिवसांनी मी मुलांची सराव परीक्षा घेतली. पेपर घरी आणून टेबलावर ठेवले आणि पाणी आणायला गेलो. परत आलो तर माझी घरमालकीण एनेलेसीमावशी त्याच टेबलावर माझा सदरा इस्त्री करत होती. आमच्याकडे ओल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते आणि मग अळ्या अंगात शिरतात. म्हणून लंगोटापासून लग्नाच्या कपड्यांपर्यंत सगळ्यावर कोळशाची इस्त्री फिरते. इस्त्री करणाऱ्या बाईकडे इथे कोणी वळूनही बघत नाही.

"मावशी, खाली पेपर आहेत."

"असू देत की. त्यांच्याही अळ्या मरतील."

सदरा उचलला आणि माझे डोळे विस्फारले. वरच्या पेपरवर आलिनाफेचं नाव अर्धं उरलं होतं आणि गणितं साफ गायब होती. खाली मासळीवाल्याच्या पोराचा पेपर होता. त्याच्या घरी कोंबडी नव्हती, म्हणून त्याने साध्या निळ्या पेनाने लिहिलं होतं. त्याचं प्रत्येक अक्षर जागेवर होतं, चुकांसकट.

"मी नाही खाल्ले तुझे पेपर," मावशी घाबरून म्हणाली.

"मावशी, प्रॉफेटची ती शिष्या आंब्यामागे काय करत होती?"

"इस्त्री करत होती. दुसरं काय करणार?" ती म्हणाली. मग तिने हातातल्या इस्त्रीकडे पाहिलं आणि अशी एक शिवी हासडली की ती इथे छापता येणार नाही.

पुढच्या बाजाराला प्रॉफेट उरलेली पेनं खपवायला आला. मावशी इस्त्री घेऊन गर्दीत घुसली. त्याच्याच पेनाने तिने एका पोराकडून कागदावर 'हबक्कूक देवमाणूस आहे' असं लिहवून घेतलं, कागद फळीवर ठेवून पदराने झाकला आणि वरून इस्त्री फिरवली. देवमाणूस नाहीसा झाला.

मला वाटलं, आता काम फत्ते. पण गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मावशीच्या इस्त्रीतही आत्मा उतरला." दोन बायकांनी तर इस्त्रीपुढे गुडघे टेकले.

"उठा गं," मावशी वैतागली. "आत्मा उतरला असता तर मी तुमच्या नवऱ्यांचे लेंगे त्याच्याकडून इस्त्री करून घेतले नसते का?"

प्रॉफेटला तेवढाच आधार मिळाला. "बघा, माझी कृपा लोखंडातसुद्धा उतरते."

मी लामेकमामाकडे वळलो. "आता असं कर. कोणाचाही हात लागायला नको, प्रार्थनाही नको. आलिनाफे तुझ्यासमोर एक गणित सोडवेल, त्याच पवित्र पेनाने. ते बरोबर आहे का, हे तू दुकानदाराकडून तपासून घे. मग तो कागद तूच त्या गाडीत काचेमागे उन्हात ठेव."

"गाडी पवित्र आहे," प्रॉफेट घाईने म्हणाला.

"मग तर चांगलंच," मामा म्हणाला आणि दार उघडलं.

आलिनाफेने गणित सोडवलं. दुकानदाराने बोटांवर मोजत ते तपासलं आणि मान डोलावली. काळी गाडी रणरणत्या उन्हात बंद उभी होती. मामा सावलीत उकिडवा बसून काचेवरची नजर हलवत नव्हता. हळूहळू आकडे फिकट झाले, राखाडी झाले, आणि मग तिथे कागदाशिवाय काही उरलं नाही.

"ते उत्तर बरोबर होतं," मामा हळू आवाजात म्हणाला.

"होतं. ही शाई गरम झाली की उडते, एवढंच. चूक काय आणि बरोबर काय, तिला काय कळणार? शहरात साहेबांच्या दुकानात अशी पेनं मिळतात, खोडायची सोय म्हणून."

"परीक्षेचे पेपर इथून कसे जातात, मास्तर?"

"पत्र्याच्या पेटीत. उघड्या लॉरीवर, भर दुपारी."

मामा उठला. प्रॉफेटला त्याने मारलं नाही, पण गाडीच्या टपावरच्या कोंबड्या सोडायला जे हात पुढे झाले त्यांत पहिला हात त्याचा होता. प्रॉफेट चष्मा सोडून पळाला. शिष्या मात्र इस्त्री घेऊन गेली, कारण ती तिच्या आईची होती.

परीक्षेच्या सकाळी लामेकमामा शाळेच्या दारात उभा राहून प्रत्येक पोराचं पेन कागदावर ओढून तपासत होता. मागे मावशी इस्त्री तापवून बसली होती. ज्या पेनाचा कागद इस्त्रीखाली कोरा पडेल, त्याच्या मालकाला मामा साधं निळं पेन देऊन आत ढकलायचा.

तुमच्या गावातही कोणी चमत्कार करत असेल तर नमस्काराआधी त्याच्या मागे काय चाललंय ते बघा. रोजचं काम समजून ज्याकडे आपण बघत नाही, तिथेच युक्ती दडवायला जागा मिळते. आणि तो चमत्कार त्याच्याविना, तुमच्या हाताने, उन्हात करून बघा. देव असेल तर रागावणार नाही.

पेपर सुटल्यावर आलिनाफे बाहेर आली. मामाने श्वास रोखून विचारलं, "कसा गेला?"

"दोन गणितं चुकली," ती म्हणाली. "पण मामा, बाकीची बरोबर आहेत, आणि ती आता कुठे जात नाहीत."