आस्लाकचं नाव

गुरुवारी हांता नेहमीच्या वेळी राग्नाकडे गेली. दार उघडंच होतं, पण उंबऱ्यात राग्ना उभी होती, आणि ती बाजूला झाली नाही.

तिच्या हातात मिशनचं पत्रक होतं. चार पानांचं, दर तीन महिन्यांनी प्रार्थनामंदिरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटायचं. राग्नासारख्या बाईच्या घरात ते येण्याचं काही कारण नव्हतं. तिची सासू बोर्गहिल्द ते घेऊन आली होती, तेही मोठ्या आनंदाने. "बघ गं, तुझ्यासाठी थेट मादागास्करात प्रार्थना चाललीय!"

"वाचू?" राग्ना म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता वाचायला लागली. "'माझी मैत्रीण रा. हिचा पाच महिन्यांचा मुलगा आस्लाक फेब्रुवारीत झोपेतच देवाघरी गेला. दुःखाने तिच्या मनाची जमीन मऊ झाली आहे. पेरणीची हीच वेळ आहे. बहिणींनो, आस्लाकचं नाव घेऊन दर शुक्रवारी प्रार्थना करा.'" तिने पत्रक खाली केलं. "रा. म्हणे! गावात दुसऱ्या कुठल्या रा.चं पोर गेलंय गं?"

हांताच्या हातात भाताच्या पेजेचं भांडं होतं, ते तिने उगाचच दुसऱ्या हातात घेतलं.

"तू माझ्याकडे बसायला येत होतीस," राग्ना म्हणाली, "की पेरणीला?"

"बसायला."

"मग हे?"

राग्ना ओरडली असती तर हांताला बरं वाटलं असतं, पण ती अगदी हळू बोलत होती.

"तुझ्या देवाशी माझं भांडण नाही. पण माझं पोर मला न विचारता नेलंस तू. कुठल्या कुठे नेलंस. ज्या बायकांची तोंडंही मी पाहिली नाहीत, त्या त्याचं नाव घेतायत. परत आण ते."

"काय?"

"त्याचं नाव. तिथून परत आण. तोपर्यंत इकडे फिरकू नकोस."

आणि तिने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

*

सहा-सात महिन्यांपूर्वी दोघींची ओळख झाली ती आरोग्य केंद्रातल्या नर्समुळे. एकाच महिन्यात बाळंत झालेल्या गावातल्या पाच बायकांचा नर्सने गट करून दिला: दर आठवड्याला एकीच्या घरी जमा, कॉफी प्या, पोरं दाखवा. इतर चौघी इथल्याच, एका शाळेत शिकलेल्या. हांता आणि तिचा नवरा रिवो, चर्चचा पाळक, इथे आले होते मादागास्करातल्या अंत्सिराबेहून, तिकडच्या चर्चच्या मंडळीने डोक्यावर हात ठेवून, आशीर्वाद देऊन पाठवलेले. दीडशे वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या याच थंड किनाऱ्यावरून मिशनरी मादागास्करला गेले होते. आता इकडची चर्चं ओस पडायला लागली, म्हणून तिकडची माणसं इकडे.

पहिल्याच दिवशी हांता आत आली आणि हबकली. चार बाबागाड्या बाहेर अंगणात, वारा नुसता पिसाटलेला, आणि आत आया खुशाल वॉफल खातायत!

"पोरं बाहेर राहिली तुमची!" ती दारातूनच म्हणाली.

"राहिली नाहीत, झोपलीत," त्यातली लाल केसांची बाई म्हणाली. तीच राग्ना. "तुझी पण ठेव. काय गं तिला इतकी गुंडाळलीस? लोणचं घालणार आहेस का पोरीचं?"

सगळ्या हसल्या. हांताही हसली, पण लेकीला, फाराला, तिने बाहेर ठेवलं नाही. मग राग्नाच तिच्याशेजारी येऊन बसली. "बरं बाई, आमच्या आज्यांनी तुमच्यासाठी जन्मभर लोकरी मोजे विणले, मिशनच्या लिलावात विकले. माझी सासू अजून विणतेय. तुमच्याकडे मोजे घालतात का तरी?"

"नाही," हांता म्हणाली. "पण ख्रिस्ती झालो ना आम्ही. काहीतरी लागू पडलंच."

राग्ना मान मागे टाकून अशी काही हसली की बाहेर एक पोर जागं झालं. ते आस्लाक होतं. तिचंच.

त्यानंतर गटाचा दिवस सोडूनही दोघी भेटायला लागल्या. दगडी बांधांच्या कडेने, मेंढ्यांच्या वासातून, दोन बाबागाड्या ढकलत दीपगृहापर्यंत जायचं आणि परत यायचं. राग्ना चिडवायची, "काय पाळकबाई, आज किती आत्मे गळाला लागले?" हांता म्हणायची, "एक बघतेय, पण फार वळवळतोय." राग्नाला उत्तर आवडायचं. चर्चमध्ये ती फक्त लग्नाला नि मयताला जायची, हे तिने पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं. हांतानेही आपण इथे कशासाठी आलो ते लपवलं नव्हतं. सगळं कसं उघड होतं. म्हणूनच तर जमलं होतं.

मग फेब्रुवारीत, एका सकाळी, आस्लाक पाळण्यातून उठलाच नाही. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि कारण सापडत नाही असं लिहून दिलं.

गावाने दाराशी फुलं ठेवली, चिठ्ठ्या ठेवल्या. आत मात्र कोणी गेलं नाही. इथे दुःखातल्या माणसाला एकटं सोडतात, तीच इथली माया. हांताला ते कळत होतं, पण पाय ऐकेनात. तिच्याकडे मयताच्या घरी माणसं जाऊन बसतात. बोलत नाहीत, बसतात. फाराला तिने रिवोपाशी ठेवलं, मऊ भाताची पेज केली, आणि घंटा न वाजवता सरळ आत गेली. राग्ना स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली होती. हांता तिच्याशेजारी बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अकरा दिवस. तिने देवाचं नावही काढलं नाही. पुढे दर गुरुवार ठरला.

तिसऱ्या आठवड्यात राग्नानेच विचारलं, "कुठे होता तुझा देव?"

हांताने पाळकाच्या बायकोने द्यायची सगळी उत्तरं मनातल्या मनात चाचपून पाहिली. एकही त्या स्वयंपाकघरात मावेना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

राग्नाने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.

हांता घरी आली. फारा झोपलेली, हाताशी अर्धा तास, आणि मंडळीला पाठवायचं पत्र आधीच आठवडाभर लांबलेलं. पत्र कसं असतं ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. वर सलाम, मग हवामान, मग प्रभूने काय केलं, आणि शेवटी प्रार्थनेचे विषय. 'माहीत नाही' असं तिथे कोणी लिहीत नाही. तिनेही नाही लिहिलं. जे शब्द पत्रात असतात तेच लिहिले: जमीन, पेरणी, वेळ. नेहमीप्रमाणे एक प्रत इथल्या मिशनच्या कार्यालयाला गेली. तिथे कोणीतरी मेहनत घेऊन तिचं भाषांतर केलं आणि पत्रकात छापलं.

*

"प्रार्थना थांबवा असं पत्र लिहिणार?" रिवोने विचारलं. तो फाराला मांडीवर घेऊन गाजर भरवत होता, आणि गाजर जास्त करून त्याच्याच सदऱ्यावर होतं. "मिशनरी बाईने? अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"प्रार्थना म्हणजे पतंग आहे का, दोर गुंडाळला की खाली आला? ती गेली वर."

"वर काय गेलं ते मी नाही मागत. खाली जे चाललंय ते थांबवायचंय."

"भल्यासाठीच केलंस ना तू?"

"भल्यासाठीच केलं रे," हांता म्हणाली. "पण खोटं केलं. तिने मला विचारलं तेव्हा मी एक बोलले आणि मंडळीला दुसरंच लिहिलं. मऊ झाली होती ती माझ्या खांद्यावर. जमीन नव्हती ती. राग्ना होती."

रिवोने फाराचं तोंड पुसलं. मग म्हणाला, "आणि तिकडून जे पत्र आलंय, त्याचं काय?"

ते पत्र कपाटात होतं, चार दिवसांपूर्वी आलेलं. अंत्सिराबेच्या महिला मंडळाचं, तिथल्या राझाफीआजीच्या वळणदार अक्षरात. त्यात जमिनीबद्दल एक अक्षर नव्हतं. नुसती नावं होती. सतरा बायकांनी आपापल्या गेलेल्या पोरांची नावं लिहून पाठवली होती, आणि शेवटी अठरावं नाव: आस्लाक. दर शुक्रवारी हीच यादी म्हणतो, असं आजीने लिहिलं होतं.

हांता ते पत्र गुरुवारी राग्नाला दाखवणार होती. पिशवीत घेऊनच गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला. तिकडे कोंबड्या ओरडत होत्या, आणि राझाफीआजीला फोन कानाला नीट धरायला कोणीतरी शिकवत होतं.

"कोण, हांता? जेवलीस का गं? तिकडे भात मिळतो की नुसतं चीजच खाता?"

"मिळतो, आजी. आजी, एक सांगायचं होतं. आस्लाकचं नाव... नका घेऊ आता."

"का? बरी आहे ना त्याची आई?"

हांताने सगळं सांगितलं. पत्रात काय लिहिलं, खरं काय होतं, राग्ना काय म्हणाली.

"चुकलंच तुझं," आजी म्हणाली.

"हो."

"आमचंही चुकलं. आईला विचारायला हवं होतं. लांबची म्हणून कसली पर्वा केली नाही." मग आवाज खाली गेला. "पण हांता, आम्ही त्याला आमच्या पोरांच्या रांगेत बसवलं होतं गं. माझ्या तुकीच्या शेजारी. माझी तुकी पण पाच महिन्यांचीच. आता उठवायचं म्हणजे..."

"मला कळतंय, आजी."

"तुला नाही कळणार, आणि कधी कळूही नये. बरं. पोर तिचं आहे. ती म्हणते तर उठवते. आज शुक्रवारच आहे, सांगते सगळ्यांना." आणि फोन बंद करायचं न समजल्यामुळे तो तसाच चालू राहिला. हांताला तिकडून आजीचं रडणं ऐकू येत राहिलं, नंतर कोणीतरी "काय झालं?" विचारत होतं तेही.

मंडळीला तिने रीतसर पत्रही लिहिलं. त्यात 'माहीत नाही' लिहिलं. मिशनच्या कार्यालयाला एक प्रत पाठवली आणि वर स्पष्ट लिहिलं: छापू नये.

*

राग्नाने दार उघडलं नाही, फोन घेतला नाही. तीन आठवडे गेले. बोर्गहिल्द एकदा दुकानात भेटली, हांताचा हात धरून म्हणाली, "माझीच चूक गं. मला वाटलं तिला बरं वाटेल." दोघी ब्रेडच्या फळीपाशी तशाच उभ्या राहिल्या.

सतरा मे, इथला राष्ट्रीय दिवस, उजाडला. सगळ्या गावात झेंडे, पोराटोरांची मिरवणूक, शाळेचा बँड. गटातल्या तिघी बाबागाड्यांना फिती बांधून निघालेल्या. राग्ना त्यांत नव्हती. ती कुठे असेल हे हांताला कळलं. फाराला रिवोकडे देऊन ती चर्चच्या मागे, दफनभूमीत गेली.

राग्ना गुडघ्यांवर बसून गवत उपटत होती. लहानसा दगड, त्यावर नाव आणि दोन तारखा. तिने मान वर केली नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

"मी सांगितलं त्यांना," हांता म्हणाली. "थांबल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि तू?"

खालच्या रस्त्यावरून बँड जात होता. हांताला हो म्हणता आलं असतं. खूप सोपं होतं ते.

"मी नाही थांबले," ती म्हणाली. "प्रयत्न केला. जमत नाही."

राग्नाने एक मूळ ओढून काढलं, माती झटकली. "निदान हे तरी खरं बोललीस." थोड्या वेळाने तिने विचारलं, "कोण आहेत त्या? बायका."

"सतरा जणी. प्रत्येकीचं एक तरी पोर गेलंय. पोरांच्या नावांची यादी आहे त्यांची, दर शुक्रवारी म्हणतात. त्यात आस्लाकला घेतलं होतं. मंडळाची एक आजी आहे, तिच्या मुलीच्या शेजारी. तीही पाच महिन्यांचीच होती."

राग्नाचे हात थांबले.

"हे त्या पत्रकात नव्हतं."

"नाही. नंतर कळवलं त्यांनी."

"आणि मी त्याला तिथून उठवलं."

"तू नाही, राग्ना. मी त्याला तुला न विचारता बसवलं होतं."

राग्ना मातीकडे बघत राहिली. मातीचेच हात तिने तोंडावरून फिरवले, गालावर काळी रेघ उमटली. हांताला ती पुसावीशी वाटली.

"सांगू का त्यांना?" हांताने विचारलं. "परत बसवायला? आज सांगितलं तर येत्या शुक्रवारी..."

"नको." मग तोंडातल्या तोंडात, "चांगल्या असतील त्या. पण नको. मला त्याला अजून कोणाला द्यायचं नाहीये. देवालाही नाही, त्यांनाही नाही. पाच महिने तर होता माझ्याकडे."

हांताने मान हलवली. आपण या क्षणी काहीतरी बोलायला हवं, इतक्या लांबून आपल्याला त्यासाठीच पाठवलं आहे, असं तिला कुठेतरी वाटलं. ती बोलली नाही.

"जा तू," राग्ना म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मिरवणूक संपेल. फाराचा पहिला सतरा मे आहे."

तो आणखी कोणाचा पहिला असता, हे दोघींपैकी कोणीच बोललं नाही.

हांता फाटकापर्यंत गेली. तिथे ती जरा रेंगाळली, चपलेत खडा गेल्यासारखं करून वाकली. राग्ना पाठमोरी होती, पुन्हा गवत उपटायला लागली होती. हांता थांबली असती. दिवसभर बसली असती. पण थांब असं कोणी म्हणालं नाही, आणि न विचारता आत जाण्याचे दिवस आता संपले होते. तिने फाटक हळूच लावलं आणि झेंड्यांच्या रस्त्याला लागली.